जेलातल्या परीक्षेत पहिला

आधी तोंडातला चहा गिळा, मग बोलतो. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा समोरच्याच्या नाकातून चहा आला आणि माझा एकुलता एक पांढरा शर्ट गेला.

तर मंडळी, मी आयुष्यात एकदा परीक्षेत पहिला आलोय. हो, मी! सातवी नापास माणूस! अख्ख्या जेलात पहिला. हसू नका, अजून विषय कुठं सांगितलाय?

थोडं मागं जावं लागतं. माझा थोरला भाऊ विलास, म्हणजे आमचा दादा, चिकलठाण्याला कंपनीत होता. कामावरून मोटारसायकलवर घरी येताना जालना रोडवर मागून एक निळा टेम्पो आला आणि त्याला उडवून गेला. टेम्पो थांबला नाही. नंतर सापडलाही नाही. यावर मी जास्त बोलत नाही. बोललो की पुढचा किस्सा राहून जातो.

दहाव्याला आम्ही पैठणला गेलो. गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळ्यांनी संप केला. झाडावर ही गर्दी, पण एक खाली उतरेल तर शपथ! आता कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याच्या मनात काहीतरी राहिलंय. मग एकेकानं पुढं व्हायचं आणि मोठ्यानं शब्द द्यायचा.

मामा पुढं झाले. "विलास, तुझ्या पोरीला आम्ही शिकवू." कावळे गप्प.

आमचे आबा म्हणाले, "सूनबाईला लेकीसारखं सांभाळीन रे बाबा." कावळ्यांनी मान फिरवली.

कंपनीतल्या मित्रानं हात जोडले, "तुझ्या जागेवर वहिनीला घ्यायला लावतो." एका कावळ्यानं चोचीनं पंख खाजवला. बस, तेवढंच.

ऊन डोक्यावर आलं. भटजी सारखे घड्याळ बघत होते, त्यांना पलीकडं दुसरा दहावा होता. आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. आधी तोंड, मग डोकं. मी सगळ्यांना बाजूला सारून ओरडलो, "दादा, मी परीक्षा देतो! पहिला नंबर काढून दाखवतो!"

फडफड! माझं वाक्य संपायच्या आत कावळा पिंडावर!

सगळा घाट माझ्याकडं बघायला लागला. भटजींनीसुद्धा सुटकेचा श्वास सोडला. मला मात्र घाम फुटला. कारण दादाचा जन्म गेला होता 'एक परीक्षा तरी पास हो रे' म्हणण्यात. रोज संध्याकाळी मला समोर बसवायचा. मी पाढे चुकायचो, तो मारायचा, मग स्वतःच जाऊन भजी आणायचा. त्यामुळं पाढे आले नाहीत, पण भजी भरपूर खाल्ली.

वहिनी डोळे पुसत जवळ आली. "भावजी, आता शब्द फिरवायचा नाय हां. त्यांनी ऐकलंय."

"फिरवतोय कशाला?" मी म्हणालो. पण बोडक्या डोक्याचा, मिसरूड फुटून वर्षं झालेला घोडा मी, मला परीक्षेला बसवणार कोण?

परीक्षेचं बघू म्हणेपर्यंत भलतंच झालं. चिकलठाण्याच्या नाक्यावर मला निळा टेम्पो दिसला. पुढचा दिवा फुटलेला! डोक्यात जाळ झाला. दगड उचलला, काच फोडली. मग दुसरी फोडली. आतून एक माणूस ओरडला, "अरे मेलो! माझा डबा!"

तो मंडपवाल्याचा टेम्पो निघाला. गरीब बिचारा, नाक्यावर थांबून भाकर खात होता. त्याचा दिवा आदल्या दिवशी मंडपाच्या बांबूनं फुटला होता. त्याच्या मांडीवर वांग्याची भाजी आणि भाजीत काच. मला पकडायला हवालदार धावला, तर मी त्यालाही ढकललं. झालं! नुकसान, शिवाय सरकारी कामात अडथळा.

आबांना जामिनाचं विचारलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या चार दिवस आत. एक पोरगं रस्त्यावर गेलं. ह्याचं डोकं असंच तापलेलं ऱ्हायलं तर ह्यो बी जायचा."

असा मी कच्चा कैदी म्हणून जेलात दाखल.

तिथं एकदा सकाळी शेख हवालदार आमच्या बराकीत आले. शेख मामू म्हणायचे सगळे त्यांना. आवाज असा की भिंतीवरची पाल खाली पडावी. "चलो रे! जिसकू लिखना-पढ़ना आता वो लाइन में आओ! कॉलेज से मॅडम आये सो हैं. इम्तिहान है!"

इम्तिहान!

मंडळी, माझ्या अंगावर काटा आला. मी बाहेर परीक्षा शोधत बसलो असतो आणि इथं परीक्षा मला शोधत जेलात आली! दादाशिवाय हे दुसरं कोण करणार?

बाकीचे आले होते बिस्किटांसाठी. पेपर लिहिणाऱ्याला चहा-बिस्किट मिळणार होतं. मी मात्र तोंड धुऊन, मनातल्या मनात दादाला हात जोडून, उत्तरेकडं तोंड करून बसलो.

मॅडम तरुण होत्या, चष्मा लावलेल्या, आवाज मऊ. म्हणाल्या, "आम्हाला फक्त तुमची विचार करण्याची पद्धत मोजायची आहे. प्रत्येक वाक्य वाचायचं. अजिबात पटत नसेल तर एकला गोल करा. पूर्ण पटत असेल तर पाचला. मधलं काही असेल तर मधला आकडा. यात बरोबर-चूक काही नाही. आणि कुणीही नाव लिहू नका."

आता बघा, मास्तर लोक पेपरच्या आधी असंच बोलतात. घाबरू नका, सोपा आहे, मनात येईल ते लिहा. आणि नंतर हातावर छडी! मी फसणार होतो काय?

मी हात वर केला. "मॅडम, पाच म्हणजे सगळ्यात जास्त ना?"

"हो, पाच म्हणजे सगळ्यात जास्त."

संपलं! एका वाक्याला एक मार्कही मिळतो आणि पाचही मिळतात, तर एक कोण घेईल? एवढं तर सातवी नापासालाही कळतं.

आणि नाव नाही लिहायचं? मग नंबर आला तर कळणार कसा कुणाचा आला? मी कागदाच्या वर ठळक अक्षरात नाव लिहिलं. खाली 'कै. विलास यांचा धाकटा भाऊ' असंही लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.

माझ्या शेजारी भाऊसाहेब बसले होते. मोठी असामी. बीड बायपासकडचा एकच प्लॉट त्यांनी इतक्या जणांना विकला होता, की सगळे एकदम राहायला आले असते तर तिथं तालुका झाला असता. जेलातसुद्धा त्यांच्या पायजम्याला इस्त्री असायची. कशी, ते विचारू नका.

मी वाचायला लागलो. 'नियम पाळणारे लोक मूर्ख असतात.' पाच! 'माझ्या आड येणाऱ्याला मी सोडत नाही.' पाच! 'पकडला गेलो, एवढीच माझी चूक झाली.' पाच!

भाऊसाहेबांनी माझ्या कागदाकडं नजर टाकली. "पोरा, सगळीकडं पाच?"

मी त्यांच्या कागदाकडं बघितलं. सगळीकडं एक! कीव आली हो मला. "भाऊसाहेब, एक-एक मार्कावर कसं भागायचं? नापास व्हाल."

भाऊसाहेब हसले. "आपल्याला मार्कांचा मोह नाय रे. कागदावर कधी काही कबूल करू नये, ही आपली शिकवण."

मागं बसलेल्यांनी ते ऐकलं. भाऊसाहेबांचं ऐकून सगळ्या ओळीनं एक-एक-एक सुरू केलं. मी मनात म्हटलं, वा! स्पर्धाच संपली!

एका ठिकाणी मात्र अडलो. 'दुसऱ्याचं नुकसान झालं तरी मला वाईट वाटत नाही.' डोळ्यांपुढं मंडपवाला आला, भाजीतली काच आली. वाटलं होतं की वाईट. रात्रभर वाटलं होतं. पण पाच मार्क सोडायचे? तेही दादाच्या पेपरात? डोळे मिटले आणि पाचला गोल केला.

शेवटी उभा राहून विचारलं, "मॅडम, पुरवणी मिळंल का?"

मॅडम जरा चमकल्या. शेख मामू म्हणाले, "बैठ रे. बिस्किट खा."

मग काही दिवस नुसती वाट बघणं. वहिनी मुलाखतीला आली की मी जाळीतून सांगायचो, "पेपर लई सोपा गेला." ती म्हणायची, "कसला पेपर हाय पण?" मी म्हणायचो, "विचार करायचा." ती माझ्या डोक्याकडं बघायची. मी आणि विचार, याचा मेळ तिला लागत नव्हता.

आणि एका मुलाखतीच्या दिवशी सकाळीच शेख मामू आले. या वेळी आवाज बारीक. दारापासून लांबच उभे राहिले. "रवी, तेरेकू साहब बुलारे. मॅडम भी आये सो हैं. तू अव्वल आया बोलते."

अव्वल!

मी उडी मारली ती थेट मामूंच्या गळ्यात. मामू एवढे घाबरले की त्यांची टोपी पडली. त्यांना म्हटलं, "मामू, आधी वहिनीला सांगू द्या. पाया पडतो." नको म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. तेव्हा मला वाटलं, हुशार माणसाचा मान ठेवतायत.

जाळीपलीकडं वहिनी उभी होती. मी ओरडलो, "वहिनी, पहिला आलो! अख्ख्या जेलात पहिला!"

दादा गेल्यापासून ती बाई हसली नव्हती. त्या दिवशी हसली, मग रडली, मग जाळीलाच कपाळ टेकवून म्हणाली, "फिटला हो भावजी तुमचा शब्द. सुटले ते." आणि थेट क्रांती चौकात जाऊन तिनं पेढे घेतले. मी साहेबांच्या दारात पोचेपर्यंत आमच्या गल्लीत पेढे वाटायला सुरुवात झाली असेल.

साहेबांच्या खोलीत गेलो तर दोन्ही बाजूंना दोन शिपाई. मॅडमनी पर्स मांडीवर घट्ट धरलेली. साहेब म्हणाले, "बस. नाही, उभाच राहा. नको, बसच. हात टेबलावर ठेव."

सत्काराची ही पद्धत मला नवीन होती. पण म्हटलं, सरकारी रीत असेल.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "रवी, माझ्या सगळ्या अभ्यासात तुझ्यासारखा एकही माणूस नाही."

"थँक्यू मॅडम."

"इतर सगळे खाली आहेत. तू एकटा वर."

"मेहनत केली मॅडम."

साहेबांनी खुर्ची थोडी मागं ओढली. मॅडमनी वही उघडली. "मला थोडे प्रश्न विचारायचेत."

तोंडी परीक्षा! मी ताठ बसलो.

"त्या कागदावरचं तुला खरंच पटतं?"

"एकूण एक."

"हे असे विचार कधीपासून आहेत?"

"लहानपणापासून तयारी. दादा रोज संध्याकाळी बसवायचा. चुकलं की मारायचा."

मॅडमनी भराभर लिहून घेतलं. "मोठा भाऊ हे शिकवायचा?"

"त्याच्यामुळंच आज हा दिवस बघतोय."

"कागदावर तू 'कै.' लिहिलंयस. काय झालं त्याला?"

"गेला. टेम्पोनं उडवलं."

मॅडमचा पेन थांबला. मग जपून म्हणाल्या, "आणि तू काय केलंस?"

"टेम्पो फोडला. दुसराच निघाला तो."

"फोडताना तुला कसं वाटलं?"

हा प्रश्न मला येत होता! मी म्हणालो, "पूर्ण पटलं मॅडम. पाच."

साहेब उभे राहिले. "शेख, याला आजच वेगळ्या कोठडीत हलवा. एकट्याला."

स्वतंत्र खोली! मला तर भरून आलं. म्हटलं, "साहेब, त्याची गरज नव्हती. सर्टिफिकेट तेवढं द्या. फोटो चिकटवायचा असंल तर दहाव्याच्या आधीचा द्यावा लागंल, आता डोक्यावर केस नाय."

"कसलं सर्टिफिकेट?" मॅडम म्हणाल्या.

"पहिल्या नंबराचं."

मॅडमनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मग लहान पोराला सांगतात तसं सांगितलं, "अरे, ही परीक्षा नाही. माणूस गुन्हेगारासारखा किती विचार करतो, ते मोजायची ही पट्टी आहे. आकडा जितका मोठा, तितकं डोकं गुन्हेगाराचं."

तुम्हाला म्हणून सांगतो, दादा गेला त्या दिवशी पायाखालची जमीन हलली होती. त्या दिवशी परत हलली.

"मग ज्यांनी सगळीकडं एक लिहिलं ते?"

"त्यांच्या मनात गुन्हेगारी विचार जवळपास नाहीतच."

"मग ते हितं काय करतेत?"

मॅडमनी साहेबांकडं बघितलं. साहेबांना खोकला आला. शेख मामूंनी छताकडं बघायला सुरुवात केली.

मग मी सगळं सांगून टाकलं. घाट, कावळे, भटजींचं घड्याळ, मी दिलेला शब्द. मॅडमनी वही मिटली. दोघा शिपायांपैकी एकानं डोळे पुसले. साहेब पुढं वाकून म्हणाले, "कावळा लगेच आला? म्हणजे वाक्य संपायच्या आत?"

"आत, साहेब."

"हं," साहेब म्हणाले आणि खाली बसले.

शेख मामू माझ्या बाजूनं बोलले. "साहब, कसम तो कसम है. ये अव्वल आतू बोला, अव्वल आया. कौनसे इम्तिहान में, ये तो नै बोला था!"

मला मोह झाला. खरंच झाला. पण मान हलवली. "नाय मामू. मी सगळं खोटं लिहिलं. कॉपी करून पास झालेला दादाला चालायचा नाय. मॅडम, पेपर परत द्या. या वेळी खरं लिहितो. एक बी आकडा खोटा नाय."

मॅडम म्हणाल्या, "द्यायलाच हवा. नाहीतर तुझा कागद फेकून द्यावा लागेल मला."

माझं गणित पक्कं होतं. आता जो खालून पहिला तो खरा पहिला. मी काय गुन्हेगार आहे? उंदीर मारतानासुद्धा डोळे मिटतो. भाऊसाहेबांपेक्षा तर मी नक्की बरा! वहिनीला जाऊन सांगीन, पेढे फुकट गेले नाहीत, फक्त नंबर खालून मोजा.

तिथंच टेबलावर पेपर मांडला. सगळे भोवती उभे.

'दुसऱ्याचं नुकसान झालं तरी मला वाईट वाटत नाही.' मंडपवाल्याला स्मरून एकला गोल केला. एवढा मोठा, की साहेबांना त्यांच्या खुर्चीतून दिसावा. शेख मामू म्हणाले, "शाबास!"

पुढचं. 'राग आला की मी परिणामांचा विचार करत नाही.' पेन उचललं आणि थांबलो. खरं लिहायचं कबूल केलंय. दोन काचा फोडल्यात. पाच.

'माझं ज्यानं वाटोळं केलं त्याला शिक्षा व्हायलाच हवी, मग ती कुणीही देवो.' तो निळा टेम्पो अजून कुठंतरी माल वाहतोय. पाच.

'जगात माझ्यावरच अन्याय झाला आहे.' घरी कोपऱ्यात दादाचे बूट तसेच आहेत, पुतणी रोज पुसते. पाच.

'मला डिवचलं तर मी काहीही करू शकतो.' घाटावर तर कुणी डिवचलंही नव्हतं, तरी भलता शब्द देऊन बसलो. पाच.

मामूंचं शाबास थांबलं होतं.

मग ते आलं. 'नियम पाळणारे लोक मूर्ख असतात.' आधी हसत हसत पाच मारले होते त्यावर. आता हात चालेना. दादा त्या दिवशी डाव्या बाजूनंच चालला होता. डोक्यात हेल्मेट होतं. वळायच्या आधी हात बाहेर काढला होता, पंचनाम्यात लिहिलंय तसं. दादा मूर्ख नव्हता. एक लिहायला गेलो तर हात पाचकडं जाई, पाच लिहायला गेलो तर दादाचं तोंड दिसे. शेवटी मधला तीन घेतला. तो तीन लिहायला मला बाकी सगळ्या पेपराएवढा वेळ लागला.

कागद दिला. मॅडमनी पेन्सिलीनं बेरीज केली. एकदा केली, परत केली. साहेब मागून डोकावत होते. शेख मामू तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते.

"आकडा बराच खाली आला," मॅडम म्हणाल्या.

"मग? भाऊसाहेबांच्या खाली गेलो का?"

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली.

"नाय तर निदान मधे कुठंतरी?"

"रवी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "बाकी सगळ्यांनी एक-एकच लिहिलंय रे."

"मग मी कितवा?"

मॅडमनी कागद माझ्याकडं सरकवला. "पहिलाच."

काय बोलणार, सांगा. आधीच्या पेपरात खोटं लिहिलं होतं, तेव्हा निदान निकाल चुकला म्हणायची सोय तरी होती!